गलीना : शिशाचं गाव, गाळाने भरलेली नदी

कृष्णाकाठची

आयोवातल्या डब्युकला राहायला येऊन आम्हाला आता नऊ वर्षं होतील. भारतातून कोणीही आलं की पहिल्याच शनिवारी मी त्यांना गलीनाला घेऊन जाते. इलिनॉयच्या वायव्य कोपऱ्यातलं, सव्वातीन हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव. आमच्याकडून 25 किलोमीटर, शिकागोहून गाडीने साधारण तीन तास. शिकागोची आपली मंडळी ऑक्टोबरात पानगळ बघायला येतात, मेन स्ट्रीटवर दोन तास फिरतात, फज आणि वाइन घेतात, फोटो काढतात आणि परत जातात. मला ते फार लागतं. त्या फोटोंमध्ये मागे जे दिसतं त्याच्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून हा धागा.

आधी नाव. शाळेत रसायनशास्त्रात आपण गॅलेना शिकलो, शिशाचं खनिज. तेच हे नाव, इथले लोक उच्चार गलीना करतात. 1826 मध्ये गावाला हे नाव मिळालं. त्या काळात शिसं म्हणजे बंदुकीच्या गोळ्या, घरांचा पांढरा रंग, पाण्याचे नळ, छापखान्याचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे. 1845 साली या टापूतून 5 कोटी 40 लाख पौंड शिसं निघालं, म्हणजे त्या वर्षीच्या सगळ्या अमेरिकेच्या उत्पादनाच्या 80 टक्क्यांहून जास्त. शिशाच्या लगडी आगबोटींत रचायच्या आणि मिसिसिपीने खाली सेंट लुइसला पाठवायच्या. 1830 च्या सुमारास शिकागो म्हणजे चार घरांची वस्ती होती, तेव्हा गलीनाच्या धक्क्यावर बोटींची रांग लागायची.

आता गावाच्या पुलावर उभं राहून नदी बघा. आमच्या वाईच्या कृष्णेला उन्हाळ्यात असतं तेवढं पाणी, एक-दोन कयाक जातील इतकंच. इथे आगबोट वळत होती हे सांगूनही पटत नाही. झालं असं की खनिज वितळवायला भट्ट्या लागतात आणि भट्टीला लाकूड. चारी बाजूंच्या टेकड्यांवरचं जंगल तोडलं, उघड्या उतारांवर नांगर फिरला, आणि पावसागणिक ती माती खाली आली. वर शिसं गाळलं, खाली नदीत गाळ भरला. त्यातच 1854 साली इलिनॉय सेंट्रलची रेल्वे आली आणि पुढच्याच वर्षी मिसिसिपीच्या काठापर्यंत पोचली. मग माल गलीनाच्या धक्क्यावर उतरवायचं कारणच उरलं नाही.

मी पाहुण्यांना सगळ्यात आधी डीसोटो हाउस दाखवते. 9 एप्रिल 1855 ला उघडलेलं हॉटेल, 225 खोल्या, पश्चिमेतलं सगळ्यात मोठं म्हणून त्याची जाहिरात होती. 23 जुलै 1856 ला लिंकन त्याच्या सज्जातून बोलला, तेव्हा तो अध्यक्ष वगैरे काही नव्हता, दुसऱ्याच्या प्रचाराला आला होता. समोरच्या फुटपाथवर उभं राहून त्या इमारतीची उंची नीट बघा. 1880 साली तिचे वरचे दोन मजले उतरवले. गिऱ्हाईकच नव्हतं. भरभराटीच्या काळात मजले चढवलेली इमारत सगळीकडे सापडते. उतरवलेले मजले मी दुसरीकडे कुठे बघितले नाहीत, आणि या गावाचं जे काही झालं ते मला तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

कारण गाव पुढे शंभर वर्षं गरीब राहिलं, म्हणून ते टिकलं. जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसा कोणाकडेच नव्हता. 1969 मध्ये राष्ट्रीय वारशाच्या यादीत गावाचं नाव लागलं, तेव्हा एखाद-दुसरी इमारत नाही, जवळपास 85 टक्के गाव त्या हद्दीत आलं. विटांच्या सलग भिंती, खिडक्यांवरच्या दगडी पट्ट्या, टेकडीवर एकावर एक चढलेल्या गल्ल्या, सगळं रोजच्या वापरातलं.

जुनी मंडई, म्हणजे ओल्ड मार्केट हाउस, चुकवू नका. 1845-46 ची इमारत. खाली भाजीपाला विकायचा, वर नगरपालिकेची सभा, आणि तळघरात कैद्यांच्या कोठड्या. बाजार, कारभार आणि कोठडी एका छपराखाली.

अमेरिकेच्या यादवी युद्धातला जनरल आणि पुढे अध्यक्ष झालेला युलिसिस ग्रँट इथे राहायचा, त्याच्या घराबद्दल खाली लिहीन, आज हात दुखायला लागला. प्रश्न असतील तर विचारा.

---

मुक्काम पोस्ट

ताई, फार सुंदर लिहिलंय. पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत, बाबा 74 चे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गलीनात पायऱ्या फार आहेत असं ऐकलं. त्यांना झेपेल का?

---

कृष्णाकाठची

झेपेल, फक्त क्रम नीट लावा. गाडी नदीच्या पूर्वेला ग्रँट पार्कपाशी लावायची. तिथे 1857 चं जुनं रेल्वे स्टेशन आहे, ते बघायचं. मग पायी जायचा पूल ओलांडून सरळ मेन स्ट्रीटवर. मेन स्ट्रीट सपाट आहे. तिच्या वर बेंच स्ट्रीट, त्याच्या वर प्रॉस्पेक्ट स्ट्रीट, आणि त्यांना जोडणारे लांबलचक जिने, ते काकांना खालूनच दाखवा. वर चर्चपर्यंत गाडीने जाता येतं. काकूंना म्हणावं चपला नकोत, बूट घाला. विटांचे फुटपाथ पावसात निसरडे होतात. माझी सासू तिथेच घसरली होती, नशिबाने नुसतं मनगट मुरगळलं.

---

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. 22 जुलै 2021 ला आमच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यावर गेलं होतं, त्यामुळे "नदीत गाळ" हे दोन शब्द वाचले की पुढचं वाचल्याशिवाय राहवत नाही. गोवळकोटच्या धक्क्याला पूर्वी गलबतं लागायची, हे आजोबा सांगायचे. गाळ आणि जंगलतोड, गोष्ट तीच. पण गलीनात पूर येत असेल ना? एवढी जुनी बाजारपेठ राहिली कशी?

---

कृष्णाकाठची

यायचा, आणि सारखा यायचा. पात्र उथळ झालं की पाणी जाणार कुठे? 1937 चा पूर मोठा होता. शेवटी 1951 मध्ये नदीच्या बाजूने बांध घातला आणि मेन स्ट्रीटच्या तोंडाशी लोखंडी पूरदरवाजे बसवले. हे दरवाजे मी प्रत्येकाला हात लावून दाखवते. काँक्रीटच्या दोन जाड भिंती, त्यांना बिजागऱ्यांवर टांगलेली दोन पोलादी दारं, गावच्या वेशीसारखी. एरवी उघडी असतात, गाड्या मधून जातात, बऱ्याच जणांना ती कमानच वाटते. पाणी चढायला लागलं की रस्ता बंद करून दारं लावतात.

पण दादा, चिपळूणला हे जसंच्या तसं चालेल असं मला वाटत नाही. इथली मेन स्ट्रीट टेकडीला चिकटलेली आहे, अडवायला एकच बाजू पुरते. तुमच्याकडे वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्हीकडून येतात, त्यात भरतीचं पाणी.

---

वाशिष्ठीकाठ

बरोबर. शिवाय आमच्याकडे पाऊस एका रात्रीत पडतो. तरी वेशीचं दार ही कल्पना डोक्यातून जात नाहीये. दाराचा फोटो असेल तर टाका, माणूस शेजारी उभा असलेला, म्हणजे उंची कळेल.

---

दगडधोंडे

भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी होतो, म्हणून थोडी भर. ताईंनी टेकड्यांचा उल्लेख केला. इलिनॉय म्हटलं की परातीसारखं सपाट, मक्याची शेतं. मग हाच कोपरा डोंगराळ का? हिमयुगात बर्फाचे थर बाकी राज्यावरून फिरले आणि त्यांनी सगळं घासून, मातीने भरून सपाट केलं. हा टापू त्यातून सुटला. विस्कॉन्सिन, आयोवा, मिनेसोटा आणि इलिनॉयचा हा तुकडा मिळून तो भाग होतो. राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण, चार्ल्स माउंड, याच जो डेव्हिएस काउंटीत आहे, 1,235 फूट. म्हणजे आपल्या पर्वतीहून कमी, पण इथल्या मानाने डोंगरच.

शिसं इतकं वरवर सापडायचं त्याचंही कारण हेच. वर बर्फाने आणलेल्या मातीचा जाड थर नाही, चुनखडकाच्या भेगांत खनिज. सुरुवातीच्या लोकांनी कुदळ-फावड्याने खड्डे खणले आणि काम भागलं. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये खाणकामगार हिवाळ्यात टेकडीच्या पोटातच बिळं करून राहायचे, त्यावरून त्यांना बॅजर, म्हणजे बिळात राहणारा एक प्राणी, म्हणायला लागले. पुढे ते सगळ्या राज्याचंच टोपणनाव पडलं.

---

आडवाटेने

धागा आवडला, पण एक गोष्ट मनाला टोचली ती सांगतो. "सुरुवातीचे लोक" कोण? गोरे खाणवाले 1820 च्या दशकात आले. त्याच्या कितीतरी आधीपासून हो-चंक, सॉक आणि मेस्क्वाकी हे इथले मूळ रहिवासी शिसं काढत होते. आणि ते काम मुख्यतः बायका करायच्या. खणायच्या त्याच, उतारावर लाकडाच्या ओंडक्यांची भट्टी रचून वितळवायच्याही त्याच, आणि फ्रेंच व्यापाऱ्यांना ते शिसं विकलं जायचं. ज्याच्या नावाने तुमचं डब्युक आहे त्या ज्युलियन डब्युकने 1788 मध्ये मेस्क्वाकींकडूनच खाणीचा हक्क मिळवला. त्याच्या थडग्यावर 1897 चा दगडी बुरूज उभा आहे, मिसिसिपीच्या कड्यावर. त्या बायकांसाठी तेवढा एक दगड तरी आहे का, ते मी शोधतोय.

1829 च्या तहात हो-चंकांकडून ही जमीन गेली. 1832 ला सॉकांचा नेता ब्लॅक हॉक याचं अमेरिकनांशी युद्ध झालं. गलीनाच्या जवळच एलिझाबेथला ॲपल रिव्हर किल्ल्याची प्रतिकृती आहे, तिथेही जा.

अजून एक. इलिनॉय कागदावर गुलामगिरीमुक्त होतं. पण 1822 मध्ये केंटकीहून जेम्स जॉन्सन सरकारी भाडेपट्टा घेऊन इथे आला तेव्हा त्याच्यासोबत गुलाम माणसं होती, आणि करारबद्ध नोकर म्हणून काळ्या माणसांकडून पुढेही राबवून घेतलं गेलं.

---

सह्याद्रीमित्र

हे सगळं खरं असेल, पण प्रत्येक ठिकाणी जाऊन कोणावर अन्याय झाला तेच शोधायचं का? माणूस आई-वडिलांना घेऊन चार घटका आनंदात घालवायला जातो. लिंकन, ग्रँट ही माणसं तिथे वावरली, हे काय कमी आहे?

---

आडवाटेने

कमी नाही, दादा. मी आनंद घेऊ नका म्हटलं नाही. आपण रायगडावर जातो तेव्हा गाइड राजसभा दाखवतो, आणि मग कोणीतरी जाणता माणूस गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांच्या पायरीवरची अक्षरं दाखवतो. ती पायरी बघितल्यावर रायगड अजून आपलासा वाटतो. गलीनात ती पायरी कोणाची, एवढंच विचारतोय.

---

कृष्णाकाठची

आडवाटेने, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. नऊ वर्षं मी लोकांना हिंडवते आणि या बायकांबद्दल मी एकदाही बोलले नव्हते. वरच्या लेखात आकडा शिशाचा दिला, ते खणणाऱ्यांचा नाही. ही चूक माझी.

त्या पायरीच्या जवळ जाणारी एक जागा मात्र आहे. ग्रीन स्ट्रीटवरचं पोस्ट ऑफिस. 1850 च्या दशकाच्या शेवटी ते जकातघर म्हणून बांधलं, आणि बांधकामावर देखरेख करणारा सरकारी इंजिनियर होता ईली पार्कर. न्यूयॉर्कमधल्या टोनावांडाच्या सेनेका जमातीचा. तो कायदा शिकला होता, पण मूळ रहिवाशांना नागरिक धरत नव्हते म्हणून वकिलीची सनद मिळाली नाही. मग इंजिनियर झाला आणि 1857 मध्ये इथे आला. इथेच त्याची आणि ग्रँटची मैत्री जमली. 9 एप्रिल 1865 ला ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती ली याने ग्रँटसमोर शरणागती पत्करली, त्या अटींची पक्की प्रत पार्करच्या हातची आहे. पुढे ग्रँट अध्यक्ष झाल्यावर मूळ रहिवाशांच्या खात्याचा प्रमुख झालेला तो पहिला मूळ रहिवासी.

त्या इमारतीत आजही टपाल येतं-जातं. मी राखीची पाकिटं मुद्दाम तिथूनच पाठवते.

आता ग्रँटचं राहिलेलं. एप्रिल 1860 मध्ये तो गलीनाला आला तेव्हा 38 वर्षांचा व्हायला आला होता, लष्कर सोडलेलं, शेती फसलेली, वडिलांच्या चामड्याच्या दुकानात भावांच्या हाताखाली काम. हाय स्ट्रीटवर भाड्याचं घर, रोज टेकडी उतरून दुकानात जायचं आणि संध्याकाळी चढायची. एक वर्षाने यादवी युद्ध सुरू झालं. 18 एप्रिल 1861 ला गावात स्वयंसेवकांची सभा भरली, लष्कराचा अनुभव असलेला माणूस म्हणून त्याला सभेचा अध्यक्ष केलं. या एका लहान गावातून त्या युद्धात नऊ जनरल झाले, पार्कर धरून.

18 ऑगस्ट 1865 ला ग्रँट परत आला. युद्धाच्या काळात कोणीतरी त्याला पुढे काय व्हायचंय विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता की गलीनाचा महापौर व्हायचंय, म्हणजे घरापासून स्टेशनपर्यंतचा फुटपाथ नीट करून घेता येईल. गावाने ते लक्षात ठेवलं. स्वागताच्या कमानीवर लिहिलं होतं : "जनरल, फुटपाथ तयार आहे." आणि त्याच दिवशी गावातल्या मंडळींनी त्याला बूथिये स्ट्रीटवरचं विटांचं घर भेट दिलं. 2,500 डॉलरला घेतलेलं. आजही आत त्यांच्या घरातलं मूळ सामान आहे. 1904 मध्ये ग्रँटच्या मुलांनी ते गावाला दिलं, 1931 ला राज्याकडे गेलं. आत गाइड घेऊन फिरवतात, वेळा आधी बघून जा.

---

मलबारहिलचा मुलगा

ताई, ग्रँटचं आपल्याकडचं टोक मी जोडतो. अध्यक्षपद संपल्यावर तो जगप्रवासाला निघाला आणि फेब्रुवारी 1879 मध्ये मुंबईला उतरला. मलबार पॉइंटच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये मुक्काम, म्हणजे आजचं राजभवन. तिथून आग्रा, दिल्ली, कलकत्ता करत पुढे चीन-जपान. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो गलीनाला परतला, याच विटांच्या घरात. माझं बालपण वाळकेश्वरला गेलं, शाळेची बस रोज राजभवनाच्या फाटकावरून जायची. आणि गलीनातलं ते घर मी 2017 ला बघितलं, पण तेव्हा हे माहीत नव्हतं. आता परत जाणार.

---

सह्याद्रीमित्र

पार्करची गोष्ट माहीत नव्हती. आडवाटेने, तुमची हिरोजींची उपमा पटली.

एक शंका. मी गेलो होतो तेव्हा मेन स्ट्रीटवर किराणा, न्हावी, चपलांचं दुकान असं काही दिसलं नाही. सगळं पाहुण्यांसाठी, साबण, मेणबत्त्या, पॉपकॉर्न. अशा गावात गावपण राहतं का?

---

कृष्णाकाठची

हा प्रश्न इथली माणसंही एकमेकांना विचारतात. माझ्या ओळखीच्या एक आजी आहेत, गलीनातच जन्मलेल्या, त्या म्हणतात की लहानपणी मेन स्ट्रीटवर खिळे, बियाणं, कापड सगळं मिळायचं, आता साध्या दोऱ्याच्या रिळासाठी गाडी काढावी लागते. पण त्याच आजी हेही सांगतात की त्यांच्या तरुणपणी अर्धी दुकानं फळ्या ठोकून बंद होती आणि छपरं गळत होती. पाहुणे आले म्हणून छपरं दुरुस्त झाली. मला या दोन्हीतलं एक निवडता येत नाही. घर रिकामं पडून कोसळण्यापेक्षा त्यात मेणबत्त्या विकलेल्या बऱ्या, इतकंच सध्या वाटतं.

---

खिळेजुळारी

खूप दिवस नुसता वाचक होतो, आज लिहितोय. ताईंच्या पहिल्याच लेखात "छापखान्याचे खिळे" आलं आणि तिथेच थांबलो. माझे वडील सांगलीला एका छापखान्यात 31 वर्षं कंपोझिटर होते. शिशाचे खिळे केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, उचलून स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरायच्या पट्टीत, जुळवायचे, उलट्या अक्षरात वाचायचे, फर्मा छापून झाला की परत एकेक खिळा आपल्या खणात टाकायचा. काना वेगळा, वेलांटी वेगळी. घरी आले की बोटं काळी असायची. शिशाची बाधा होऊ नये म्हणून मालक रोज गुळाचा खडा द्यायचे. आणि आई त्यांना साबणाने दोनदा हात धुतल्याशिवाय आमच्याजवळ येऊ द्यायची नाही.

आई-बाबा सध्या माझ्याकडे मॅडिसनला आहेत. हा धागा बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, जाऊ या.

---

कृष्णाकाठची

जरूर जा, आणि मला कळवा, मी येते तिकडे. मेन स्ट्रीटवरच्या एखाद्या दुकानात खनिजाचे तुकडे मिळतील, काकांना हातात घेऊ द्या.

---

खिळेजुळारी

काल जाऊन आलो. कृष्णाकाठची ताई सोबत होत्या, त्यांच्यामुळे पूरदरवाजा, मंडई, पोस्ट सगळं नीट कळलं. बाबांना ग्रँटच्या घरात फारसा रस वाटला नाही, तिथला दौतीचा संच तेवढा त्यांनी निरखून पाहिला.

मग एका दुकानात गेलो. काउंटरवर टोपलीत गॅलेनाचे खडे होते. करडे, चौकोनी, जणू कोणी पटाशीने कापलेत असे काटकोनी कोपरे, आणि पैलू आरशासारखे चमकणारे. बाबांनी लिंबाएवढा एक उचलला आणि हात खाली गेला, एवढा जड. ते हसले. डोळे मिटून दोन मिनिटं त्याचं वजन करत उभे राहिले. मग दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जवळ आणून, अजून स्टिक धरलीय अशी, म्हणाले, "हे कच्चं आहे. गाळल्यावर यात अँटिमनी घालतात, तेव्हा कुठे अक्षराची कड टिकते." दुकानातल्या बाईंना मी ते इंग्रजीत सांगितलं. त्यांनी बाबांना विचारलं की तुमच्या भाषेत किती अक्षरं. बाबांनी खाणाखुणांनी चार केसी दाखवल्या, एक समोर, एक वर, दोन बाजूंना.

खडा विकत घेतला. बिलाच्या कागदात गुंडाळून तो खिशात ठेवला त्यांनी. गाडीत बसल्यावर आईने विचारलं, "हात धुतले का?" आणि स्टॉकटनच्या पुढे गेल्यावर पुन्हा एकदा विचारलं.